मांडीतील दुर्मीळ गाठ : आधी शस्त्रक्रिया की आधी रेडिओथेरपी? (नाशिक)

द्राक्षबाग_निफाड यांचा प्रश्न

नमस्कार. माझे थोरले बंधू, वय 43, निफाड तालुक्यात द्राक्षशेती करतात. त्यांच्या उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला वर्षभरापासून एक गाठ होती. दुखत नव्हती, त्यामुळे ‘चरबीची गाठ आहे, काढली की झाले’ असेच घरातल्या सगळ्यांचे म्हणणे होते. उन्हाळ्यात ती वाढल्याचे जाणवले, म्हणून ऑगस्टमध्ये एका छोट्या रुग्णालयात सोनोग्राफी करून लगेच काढून टाकण्यात आली. त्याआधी एमआरआय झाला नाही आणि सुईने तुकडा घेऊनही पाहिले नाही. टाके काढायला गेलो त्याच दिवशी तपासणीचा अहवाल हाती पडला : मिक्सॉइड लायपोसार्कोमा (चरबीच्या ऊतीचा एक दुर्मीळ कर्करोग), आकार 9 सेंमी, आणि कापलेल्या कडेपर्यंत रोगाच्या पेशी.

त्यानंतरच्या दहा दिवसांत आम्ही नाशिकमध्ये तिघांना भेटलो. कर्करोगाच्या सर्जनांनी पंधरा दिवसांत पुन्हा शस्त्रक्रिया करून आजूबाजूचा भाग काढावा असे सांगितले. रेडिएशनच्या डॉक्टरांनी जखम भरली आहे तर आता 33 दिवसांचे लाइट (म्हणजे रेडिओथेरपी, किरणोपचार) घेता येतील असे सांगितले. ओळखीच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी मात्र पाय वाचेलच असे धरून चालू नका, असे बोलून आईच्या तोंडचे पाणी पळवले. तिघेही आपापल्या कामात नावाजलेले आहेत, म्हणून कोणाचे ऐकावे हेच कळेनासे झाले आहे.

माझे प्रश्न असे. शस्त्रक्रिया आधी की रेडिओथेरपी आधी, आणि या क्रमाने खरोखर काही फरक पडतो का? पाय काढण्याची वेळ येते का? सर्व उपचार मुंबईलाच घ्यावे लागतील, की नाशिकमध्ये होऊ शकतील? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण दादांचा आग्रह आहे की ऑक्टोबरची छाटणी उरकू द्या, मग काय ते पाहू. एवढे थांबता येईल का?

किरणोपचार_नाशिक यांचे उत्तर

मी नाशिकमध्ये रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट म्हणून काम करते. आपल्या बंधूंना मी तपासलेले नाही, त्यामुळे हे त्यांच्यासाठीचे औषधपत्र समजू नये. पण आपण ज्या वळणावर उभे आहात तिथे अडकलेली कुटुंबे मला नेहमी भेटतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तिघांनी तीन मते दिली याचा अर्थ त्यांतले दोघे चुकले असा होत नाही; प्रत्येकाने आपल्या हातातल्या साधनाच्या बाजूने आजाराकडे पाहिले. प्रौढांमधील सर्व कर्करोगांत सार्कोमाचे, म्हणजे हाडे, स्नायू, चरबी अशा ऊतींच्या कर्करोगाचे, प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आहे, आणि त्या एका टक्क्यात पन्नासहून अधिक उपप्रकार आहेत. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगाचे शेकडो रुग्ण पाहिलेल्या डॉक्टरांनीही हा विशिष्ट उपप्रकार बोटांवर मोजण्याइतकाच पाहिलेला असतो. अशा आजारात एकट्याच्या अनुभवावर विसंबता येत नाही, म्हणून सर्जन, रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, औषधोपचार करणारे मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकाच वेळी, एकाच टेबलाभोवती, एकच एमआरआय आणि गाठीच्या नमुन्याच्या त्याच काचपट्ट्या समोर ठेवून बसतात. त्याला आम्ही ट्यूमर बोर्ड म्हणतो. आपण तिघांना वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खोल्यांत भेटलात. ते तिघे एकमेकांना मात्र भेटलेले नाहीत. मला विचाराल तर खरी अडचण तीच आहे.

आता पायाबद्दल. हातापायांच्या सार्कोमासाठी एकेकाळी अवयव काढणे हाच राजमार्ग होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत 43 रुग्णांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 1982 मध्ये प्रसिद्ध झाले. काहींचा अवयव काढला, तर काहींचा अवयव राखून गाठ काढली व रेडिओथेरपी दिली. अवयव राखलेल्यांपैकी चौघांमध्ये त्याच जागी आजार परतला, परंतु जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. तेव्हापासून अवयव वाचवणे हा नियम आणि काढणे हा अपवाद झाला आहे. मुख्य रक्तवाहिन्या, मुख्य मज्जातंतू आणि हाड हे सगळेच गाठीने वेढले असेल, तर तो अपवाद येतो. आपल्या बंधूंबाबत तसे आहे का, हे एमआरआय पाहिल्याशिवाय कोणीही म्हणू नये; आईंना एवढे जरूर सांगा.

क्रमाचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. उत्तर असे की क्रमाने फरक पडतो, मात्र आजार आटोक्यात येण्यापेक्षा तो पायावर होणाऱ्या परिणामांत अधिक दिसतो. शस्त्रक्रियेआधी रेडिओथेरपी द्यायची तर 50 ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचे एकक) इतकी मात्रा 25 भागांत, म्हणजे सोमवार ते शुक्रवार असे पाच आठवडे देतात आणि त्यानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी शस्त्रक्रिया करतात. शस्त्रक्रियेनंतर द्यायची तर मात्रा 60 ते 66 ग्रेपर्यंत वाढवावी लागते आणि क्षेत्रही मोठे घ्यावे लागते, कारण तेव्हा केवळ गाठीची जागा नव्हे, तर सर्जनचा हात जिथे जिथे पोहोचला तो सगळा भाग, व्रण आणि निचऱ्याची नळी बाहेर काढलेले छिद्र हे सर्व किरणांखाली आणावे लागते. कॅनडातील चाचणीत, जिचे निष्कर्ष 2002 मध्ये आले, आधी रेडिओथेरपी घेतलेल्यांपैकी 35 टक्के रुग्णांना जखमेची गुंतागुंत झाली, तर नंतर घेतलेल्यांपैकी 17 टक्क्यांना. आकडा पाहून नंतरचा मार्गच बरा वाटेल. पण जखम, उशिरा का होईना, भरून येते. मोठ्या मात्रेने पुढे येणारा स्नायूंचा कडकपणा, सांध्याचा आखडलेपणा आणि पायाची सूज मात्र बहुधा कायम राहते. पुढची वीस-तीस वर्षे बागेत उभे राहायचे असलेल्या 43 वर्षांच्या शेतकऱ्यासाठी मी हा हिशेब वेगळा मांडीन. मांडीच्या आतल्या बाजूची जखम भरायला नाठाळ असते, हेही त्याच तराजूत घालावे लागते, आणि म्हणूनच प्लास्टिक सर्जन त्या टेबलाशी आधीपासून असावेत.

आपल्या बंधूंची शस्त्रक्रिया आधीच झाली आहे, हा यातला पेच. पुरेशा तपासणीविना काढलेल्या गाठीच्या जागी अनेकदा रोग शिल्लक सापडतो, त्यामुळे त्या जागेची पुन्हा शस्त्रक्रिया बहुतेक वेळा लागते. म्हणजे सर्जनचे म्हणणे योग्य आहे. ती पंधरा दिवसांत व्हावी की आधी पाच आठवडे रेडिओथेरपी देऊन व्हावी, एवढेच ठरायचे आहे. नुसत्या 33 दिवसांच्या लाइटवर थांबणे मला पटत नाही. कडांना रोग असताना किरणांनी शस्त्रक्रियेची जागा घ्यावी, अशी अपेक्षा मी माझ्याच साधनाकडून ठेवणार नाही.

या उपप्रकाराविषयी एक दिलासा देणारी आणि एक सावध करणारी गोष्ट आहे. दिलासा हा, की मिक्सॉइड लायपोसार्कोमा रेडिओथेरपीला इतर सार्कोमांपेक्षा बराच चांगला प्रतिसाद देतो. नेदरलँड्समधील संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 50 ऐवजी 36 ग्रे, 18 भागांत देऊनही परिणाम चांगले आले. परंतु ते रुग्ण गाठ जागेवर असलेले होते. अर्धवट शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही, म्हणून कोणी ‘कमी डोसमध्ये भागेल’ असे म्हटले तर हा फरक लक्षात असू द्या. सावधगिरी अशी, की इतर सार्कोमा बहुतांशी फुप्फुसांत पसरतात, पण हा प्रकार पाठीच्या कण्यात, पोटामागच्या चरबीत आणि अन्य मऊ भागांतही जातो. तेव्हा छातीच्या सीटीबरोबर पोटाचा सीटी आणि संपूर्ण कण्याचा एमआरआय यांविषयी विचारा. नुसत्या पेट स्कॅनवर समाधान मानू नका, कारण हा प्रकार त्यात कधी कधी नीट उजळत नाही.

छाटणीसाठी आजार थांबणार नाही, पण तपासण्या आणि बोर्डाच्या निर्णयासाठी दोन-तीन आठवडे देणे म्हणजे वेळ वाया घालवणे नव्हे. घाईने केलेल्या पहिल्या शस्त्रक्रियेची भरपाई दुसऱ्या घाईने होत नसते.

सिन्नरची_ताई यांचे उत्तर

डॉक्टरांनी शास्त्र सांगितले आहे, मी फक्त वाट सांगते. माझ्या यजमानांच्या पोटरीत सार्कोमा निघाला होता. त्यांची शस्त्रक्रिया मुंबईला झाली आणि त्याआधीची रेडिओथेरपी नाशिकमध्ये.

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 पासून आहे आणि तिथे हाडे व मऊ ऊतींच्या गाठींसाठी स्वतंत्र गट आहे. आम्ही जाताना मूळ अहवाल, काचपट्ट्या, मेणाचे ब्लॉक (गाठीचा नमुना मेणात जपून ठेवलेला असतो ते), एमआरआयची सीडी आणि पहिल्या शस्त्रक्रियेची हस्तलिखित टिपणे असे सगळे एकाच पिशवीत नेले होते. ती टिपणे मिळवायला मला पहिल्या रुग्णालयात तीन खेपा घालाव्या लागल्या. चूक शोधायला आलो आहोत असा त्यांचा समज झाला होता. पुढच्या सर्जनला कोणता स्नायू उघडला होता एवढेच हवे आहे, असे शांतपणे सांगितल्यावर कागद मिळाले. तुम्हीही भांडणाच्या पवित्र्यात जाऊ नका. राग येणे साहजिक आहे, पण आज कागद अधिक गरजेचे आहेत.

बोर्ड म्हणजे आपल्यासमोर सगळे डॉक्टर चर्चा करतील असे मला वाटले होते. तसे काही नसते. यजमानांचा पाय तपासून झाला, मग आम्ही बाहेर बाकावर बसलो आणि दोन तासांनी फाइलमध्ये चार ओळी लिहून मिळाल्या. त्या चार ओळींत मात्र क्रम, मात्रा, शस्त्रक्रियेचा अंदाजे आठवडा आणि कोणाची सही हे सगळे होते. पंचवीस दिवस मुंबईत राहणे आम्हाला परवडणारे नव्हते, असे सांगितल्यावर त्यांनीच रेडिओथेरपीच्या आराखड्याची टिपणे नाशिकच्या डॉक्टरांना देण्याची व्यवस्था केली. तेव्हा हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारा, कोणी आपणहून विचारेलच असे नाही.

तपासणीच्या दिवशी नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस सोयीची पडते. रुग्णाला मांडीत ताण येत असेल तर कसारा घाटातून गाडीने नेण्यापेक्षा रेल्वेत पाय लांब करून बसवलेले बरे. मुक्काम पडला तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करुग्णांची सोय होते, पण जागा मिळेल हे गृहीत धरू नका. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालय बसते का हे पाहून तिथल्या आरोग्यमित्रांना (योजनेच्या मदतनिसांना) आधी भेटा. शिधापत्रिका आणि आधारवरच्या नावात एका अक्षराचा फरक होता म्हणून आमची मंजुरी आठ दिवस अडली होती.

एक गोष्ट लपवणार नाही. शस्त्रक्रियेनंतर यजमानांची जखम भरायला जवळजवळ दहा आठवडे लागले. रोज ड्रेसिंग, रोज वास, रोज धास्ती. आज ते पायाने चालतात, पण ते दहा आठवडे धरूनच घराचे आणि शेताचे नियोजन करा.

जुना_पंचवटीकर यांचे उत्तर

मला दोन शंका आहेत. गाठीला सुई किंवा सुरी लागली की ती पसरते असे आमच्याकडची वडीलधारी माणसे सांगतात. इथेही तसेच घडले असे म्हणावे काय? शिवाय माझ्या मावसभावाला कवटीच्या तळाशी कॉर्डोमा नावाची गाठ होती, तेव्हा त्याला खारघरला प्रोटॉन उपचार सुचवले गेले. तसे उपचार या रुग्णाला का नकोत? महाग असले तरी अधिक चांगले असतील तर कुटुंबाला माहीत असावे.

काचपट्टी यांचे उत्तर

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो. वडीलधाऱ्यांच्या समजुतीत अनुभवाचा एक अंश आहे, पण दोष सुईवर जातो तो चुकीचा. जाड सुईने, पुढच्या शस्त्रक्रियेच्या रेषेतच, विचारपूर्वक घेतलेली बायोप्सी हाच सार्कोमाच्या निदानाचा सुरक्षित आणि मान्य मार्ग आहे, आणि सुईची ती वाट पुढे गाठीबरोबर काढताही येते. निदान न करता गाठ फोडून काढली, तर तिच्यातील पेशी आजूबाजूच्या स्नायूत आणि साकळलेल्या रक्तात सांडतात. 5 सेंमीपेक्षा मोठी, खोलवरची किंवा वाढत असलेली गाठ दिसली की आधी एमआरआय, मग बायोप्सी आणि शेवटी शस्त्रक्रिया, एवढा क्रम पाळला तर ही वेळ बहुधा येत नाही.

मूळ प्रश्नकर्त्यांना माझी विनंती अशी की काचपट्ट्या आणि ब्लॉक सार्कोमा नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्यावेत. हा पहिल्या पॅथॉलॉजिस्टवरचा अविश्वास नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली चिकट, पाणीदार पार्श्वभूमी असलेल्या गाठी अनेक प्रकारच्या असतात, काही निरुपद्रवी आणि काही अतिशय आक्रमक, आणि त्यांचे उपचार एकमेकांशी जुळत नाहीत. मिक्सॉइड लायपोसार्कोमात डीडीआयटी3 या जनुकाची मोडतोड झालेली असते, ती फिश या जनुक-चाचणीत दिसते आणि मग निदान पक्के होते. दुसरे म्हणजे, त्यात गोल पेशींचा भाग किती आहे हे अहवालात लिहिलेले असावे. तो 5 टक्क्यांच्या वर गेला की आजार चढ्या श्रेणीचा धरतात आणि मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट केमोथेरपीचा विचार करू लागतात. ‘लायपोसार्कोमा’ एवढ्या एका शब्दावर कोणताही उपचार ठरवू नये.

आमच्या बाजूने एक तक्रारही नोंदवतो. गाठ अनेकदा तुकड्यांत, कोणती बाजू वर आणि कोणती खाली याची खूण न करता आमच्याकडे येते. मग कोणती कड बाधित आहे हे आम्ही सांगणार तरी कसे? सर्जनने एक दोरा बांधून पाठवला असता तर तुमच्या अहवालात नेमकी दिशा लिहिलेली असती.

किरणोपचार_नाशिक यांचे उत्तर

प्रोटॉनविषयी थोडक्यात लिहिते. आपण नेहमी वापरतो ते क्ष-किरण गाठीतून पार होऊन पलीकडच्या भागालाही मात्रा देत जातात, तर प्रोटॉनचा किरण ठरलेल्या खोलीवर बहुतेक सगळी ऊर्जा सोडून थांबतो. कॉर्डोमा आटोक्यात ठेवायला 70 ग्रेच्या पुढे जावे लागते आणि अगदी खेटून असलेला मेंदूचा देठ 54 ग्रेच्या आसपासच मर्यादा घालतो. तिथे पलीकडे न जाणारा किरण जीवनमरणाचा फरक करू शकतो. टाटा मेमोरियलच्याच खारघरमधील ॲक्ट्रेक केंद्रात प्रोटॉन उपचार 2023 पासून सुरू झाले, त्याआधी आपले रुग्ण चेन्नईला जात असत. मांडीत मात्र असा नाजूक शेजारी नसतो. लिनॅक या नेहमीच्या क्ष-किरण उपचार यंत्रावर, साच्यात पाय स्थिर धरून, रोज सीटीने जागा पडताळून आणि मांडीच्या एका बाजूची उभी पट्टी किरणांपासून राखून दिलेली रेडिओथेरपी इथे पुरते. ती पट्टी राखली नाही तर पायातील लसीकेचा (ऊतींमधील पाणीदार द्रवाचा) निचरा अडतो आणि पाय सुजून राहतो. तेव्हा आराखडा पाहताना त्या पट्टीविषयी आणि मांडीच्या हाडावर किती मात्रा जाते याविषयी जरूर विचारा.

द्राक्षबाग_निफाड यांचे उत्तर

सर्वांचे आभार. मधल्या तीन आठवड्यांत बरेच घडले, म्हणून कळवतो आहे. काचपट्ट्यांच्या फेरतपासणीत निदान तेच राहिले, फिश चाचणीही जुळली आणि गोल पेशींचा भाग 5 टक्क्यांच्या आत असल्याचे कळले. कण्याच्या एमआरआयमध्ये व सीटीत पसरलेले काही नाही. मांडीत मात्र व्रणाखाली 2 सेंमीची गाठ शिल्लक दिसली. मुंबईच्या बोर्डाने 25 भागांत 50 ग्रे रेडिओथेरपी आधी आणि त्यानंतर पाच आठवड्यांनी शस्त्रक्रिया असे लिहून दिले आहे. सिन्नरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे विचारले, तेव्हा रेडिओथेरपी नाशिकमध्ये घेण्यास त्यांनी संमती दिली. रक्तवाहिनी मोकळी आहे, त्यामुळे पाय काढण्याचा विषय निघालाच नाही. आई त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली.

आता साचा तयार झाला आहे, मांडीवर तीन ठिपके गोंदले आहेत आणि पुढच्या सोमवारी सुरुवात आहे. छाटणी मी आणि चुलते मिळून करणार आहोत, पण दादा बांधावर येऊन बसल्याशिवाय राहणार नाहीत. त्यांनी बागेत यावे का, आणि मधल्या दिवाळीच्या सुट्टीचे काय करावे?

किरणोपचार_नाशिक यांचे उत्तर

बांधावर जरूर बसू द्या, सावलीत. छाटणीनंतर काड्यांना लावायची पेस्ट आणि पुढच्या फवारण्या यांपासून मात्र त्यांना पूर्ण लांब ठेवा, कारण तिसऱ्या आठवड्यापासून मांडीच्या आतली आणि जांघेजवळची त्वचा लाल, ओलसर होऊ लागते आणि तिथे कसलाही रासायनिक अंश चालत नाही. तंग पँट नको, सैल सुती पायजमा किंवा धोतर बरे. हळद, तेल, बर्फ यांपैकी काहीही डॉक्टरांना न विचारता लावू नका. थकवा त्याच सुमारास येतो. तो आजार वाढल्याचे लक्षण नव्हे. वाहन चालवत त्यांना एकट्याला निफाडहून पाठवू नका, विशेषतः शेवटच्या दहा दिवसांत.

दिवाळीबद्दल आत्ताच, पहिल्या दिवसाआधी विचारून ठेवा. पाच आठवड्यांचा उपचार सलग व्हावा हे महत्त्वाचे असते, म्हणून यंत्र किती दिवस बंद राहणार आहे आणि चुकलेले दिवस शनिवारी घेऊन कसे भरून काढणार आहेत, हे फाइलवर लिहून घ्या. बोर्डाने शस्त्रक्रियेसाठी पाच आठवडे मोजले आहेत ते रेडिओथेरपीच्या शेवटच्या भागापासून. तो दिवस पुढे सरकला तर मुंबईच्या सर्जनना त्याच दिवशी कळवा, म्हणजे शस्त्रक्रियेची तारीखही त्याबरोबर सरकेल.